तंबूच्या इंजिनाची जीप

सर हॉर्न वाजवत नसत. जीपला हॉर्न होता, चांगला खणखणीत वाजायचा; पण पुढं कुणी चालत असलं की सर गाडी हळू करत, डोकं बाहेर काढत आणि म्हणत, "पावणं, जरा येतो हां." माणूस बाजूला झाला की "लई उपकार" म्हणून पुढं जात. म्हशींनाही ते हेच सांगत. म्हशी काही हलायच्या नाहीत. मग सर गाडी बंद करून खाली उतरत आणि म्हशीवाल्याशी दुधाच्या फॅटवर बोलत उभे राहत.

"पाठीमागनं एकदम भोंगा वाजवायचा म्हंजे माणसाच्या पाठीत बुक्की घातल्यागत हाय, बाई," ते मला एकदा म्हणाले होते. "आपून गाडीत बसलो ही काय त्याची चूक न्हाय."

मी तेव्हा नुकती बी.एड. होऊन गणित शिकवायला त्या शाळेत लागले होते. नव्वदच्या दशकाची सुरुवातीची वर्षं. बारामती-इंदापूर रस्त्याला एक फाटा होता, तिथून चार किलोमीटर आत गाव, आणि गावाच्या टोकाला दहावीपर्यंतची आमची शाळा. मी बारामतीत भावाकडे राहायची. सकाळच्या एसटीनं फाट्यावर उतरायचं आणि तिथून चालत सुटायचं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मागून आवाज आला, "बाई, जरा येतो हां." वळून पाहिलं, तर एक खाकी रंगाची जुनी जीप अगदी मुंगीच्या पावलांनी माझ्या मागून येत होती आणि एक काळेसावळे, पांढऱ्या कपड्यांतले गृहस्थ त्यातून मान बाहेर काढून हसत होते. ते आमचे विज्ञानाचे सर.

त्यांच्या हजेरीची पद्धत सगळ्या तालुक्यात माहीत होती. नाव पुकारलं की मुलानं 'हजर' म्हणायचं नाही. घरापासून शाळेपर्यंत येताना त्या दिवशी पाहिलेली एक नवी गोष्ट सांगायची. "पाटाच्या पाण्यात आज फेस होता, सर." "खंडूनानाच्या बैलानं एक शिंग रंगवू दिलं, दुसरं दिलं न्हाय." अर्धा तास हजेरीतच जायचा. मुख्याध्यापक वैतागायचे. एकदा तपासणीला साहेब आले, मागच्या बाकावर बसले. हजेरी सुरू झाली. सातवीतला एक मुलगा उठून म्हणाला, "साहेबांच्या उजव्या बुटाची नाडी काळी हाय आन् डाव्या बुटाची तपकिरी." साहेबांनी खाली पाहिलं. सर शांतपणे म्हणाले, "हजर," आणि पुढचं नाव घेतलं.

दुसरी सवय म्हणजे, कुणी काहीही सांगितलं की ते म्हणत, "तपासू या." शिपाई मुख्याध्यापकांच्या चहात जास्त साखर घालतो, असं कुणीतरी स्टाफरूममध्ये म्हणालं. सरांनी मुख्याध्यापकांचा आणि आपला, असे दोन्ही चहा वेगवेगळ्या परीक्षानळ्यांत घेऊन प्रयोगशाळेत आटवले. साखर सारखीच निघाली. त्यांनी शिपायाला सगळ्यांदेखत बोलावून त्याची माफी मागितली, म्हणजे ज्यांनी आरोप केला त्यांच्या वतीनं. ते बसले खाली मान घालून.

सरांची बायको आरोग्य उपकेंद्रात नर्स होती. गाव तिला सिस्टर म्हणायचं, आणि मग सरही सिस्टरच म्हणायचे. सिस्टर कमी बोलायच्या, पण बोलल्या की ते सरांच्या एका तासाला पुरायचं. "यांना तपासायचं असतं सगळं," त्या मला म्हणाल्या होत्या, "फक्त घरात गहू संपलेत का ते सोडून."

जीप पाटबंधारे खात्याच्या लिलावातली होती, पेट्रोलची. एका शिक्षकाला जीप कशाला, असं गावात सगळ्यांनी विचारून झालं होतं. उत्तर दर वर्षी मार्चमध्ये दिसायचं. दहावीचं केंद्र इंदापूरला. मुलगे सायकलीवर जायचे, कुठंतरी ओळखीनं राहायचे. मुलींचं तसं नव्हतं. वस्त्यांवरच्या मुली दहावीपर्यंत कशातरी यायच्या आणि परीक्षेलाच बसायच्या नाहीत, कारण अकराच्या पेपराला पोचवणारी आणि संध्याकाळच्या आत परत आणणारी एसटी नव्हती. सरांनी जीप घेतली आणि घरोघर जाऊन शब्द दिला: दारातून नेईन, दारात आणून सोडीन.

त्यांनी याबद्दल कधी भाषण केलं नाही. एकदाच, पेपर तपासता तपासता, म्हणाले, "आमची अक्का माझ्यापेक्षा हुशार. सातवीची केंद्राची परीक्षा होती इंदापूरला. वडील नुकतेच गावकीचं काम सोडून, धम्म घेऊन मोकळे झालेले. त्या वर्षी गावात कुणी आमाला गाडीत घेईना. अक्का घरीच राहिली." मग लाल पेन उघडून म्हणाले, "हे पोरगं बघा, ऑक्सिजनला दोन ऐवजी तीन हात काढलेत यानं. मेहनती हाय."

त्या वर्षी दिवाळीच्या सुमारास जीपचं इंजिन गेलं. अगदी संपलं. बारामतीच्या मिस्त्रींनी उघडून पाहिलं, आतला तुटलेला दांडा सरांच्या हातात दिला आणि म्हणाले, "हे आता पेपर उडू नयेत म्हणून टेबलावर ठेवा." पेट्रोलचं तसलं इंजिन मिळणार नाही आणि मिळालं तरी परवडणार नाही, डिझेलचं जुनं इंजिन आणा, मी बसवून देतो, असा त्यांचा सल्ला. तेव्हा पुष्कळ जण जुन्या जीपला असंच करायचे.

म्हणून जानेवारीतल्या एका रविवारी सर, सिस्टर आणि मी असे तिघं पुण्याच्या जुन्या बाजारात गेलो. मी का, तर मला पुण्याची माहिती आहे असा सरांचा समज होता. एका पत्र्याच्या शेडमध्ये ओळीनं इंजिनं मांडलेली. दुकानदार एकेक सुरू करून दाखवत होता. काही खोकायची, काही धूर सोडायची. कोपऱ्यातलं एक हिरवं, उंच, दोन सिलिंडरचं इंजिन सुरू झालं आणि सरांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. डोळे मिटले. मग त्या इंजिनाच्या आवाजाबरोबर त्यांनी "आ..." लावला.

आम्ही बघत राहिलो. सर श्वास घेत, पुन्हा त्याच सुरावर येत. पाच मिनिटं झाली. आजूबाजूचे दुकानदार गोळा झाले. सिस्टर माझ्या कानात म्हणाल्या, "मी ओळख दाखवत नाही, तूही दाखवू नकोस."

सरांनी डोळे उघडले. "बाई, सूर तसूभर हलला न्हाय. ह्या इंजिनाला स्वभाव हाय. ते चिडत न्हाय, दमत न्हाय."

"अवो सर, असं थंड डोक्याचं इंजिन अख्ख्या बाजारात न्हाय," दुकानदार म्हणाला. इंजिन पूर्वी कशाला जोडलेलं होतं, हे आम्ही कुणी विचारलं नाही. सगळं तपासणाऱ्या सरांनीही नाही.

पुढचा महिना मिस्त्रींनी त्या इंजिनाशी कुस्ती केली. ते गिअरबॉक्सला जुळेना. मध्ये लोखंडाची जाड चकती लेथवर करून घ्यावी लागली. उंची जास्त, म्हणून बॉनेट लागेना. बॉनेटला भोक पाडलं, तर इंजिनाचं डोकं वर आलं. पावसापाण्यात त्यावर काय घालायचं? सरांनी घरातलं अॅल्युमिनियमचं मोठं पातेलं आणून पालथं बसवलं. सिस्टर त्यानंतर आठवडाभर जीपकडे बघून म्हणायच्या, "माझं भाताचं पातेलं चाललं बघ शाळेला."

एवढं करून जीप सुरू झाली. सुंदर सुरू झाली. सर चालवत होते, मिस्त्री शेजारी, मी मागे. माळेगावच्या रस्त्याला लागल्यावर मिस्त्री म्हणाले, "सर, जरा दाबा की."

"दाबलंय."

"आजून दाबा."

"पार खाली दाबलंय, मिस्त्री."

"मग सोडून बघा."

सरांनी पाय उचलला. जीप तश्शीच चालत राहिली. ना वेग वाढला, ना कमी झाला. टॉपच्या गिअरमध्ये काटा चाळीसवर खिळल्यासारखा. पुलाच्या चढावर चाळीस, उतारावर चाळीस. परत गॅरेजला येऊन मिस्त्रींनी तार बदलली, दांडी बदलली, डिझेलचा पंप उघडला, झाकला. काही फरक नाही. शेवटी हात पुसत ते म्हणाले, "सर, पायडल हाय, पण ते शोभेचं हाय."

दुसऱ्या कुणी डोक्याला हात लावला असता. सरांचा चेहरा मात्र उजळला. वीस वर्षं ते मुलांना फळ्यावर 'एकसमान गती' शिकवत आले होते आणि वीस वर्षं मुलं विचारत आली होती, "सर, अशी गती कुठं असती?" सर म्हणायचे, "पुस्तकात." आता ती त्यांच्या दारात उभी होती.

दुसऱ्याच दिवशी नववीचा सगळा वर्ग फाट्याच्या रस्त्यावर आला. दर शंभर मीटरला फक्कीची रेघ, प्रत्येक रेघेवर चार-चार मुलं. मी घड्याळ घेऊन जीपमध्ये. सर लांबून गाडी घेऊन आले. पहिली रेघ ते दुसरी, नऊ सेकंद. दुसरी ते तिसरी, नऊ. मी ओरडून आकडा सांगायची आणि मुलं तो पुढच्यांना ओरडून सांगायची. कॅनॉलचा चढ लागला. मी घड्याळाकडे बघतेय. नऊ! मुलांनी टोप्या उडवल्या. चौथ्या रेघेजवळ सरांनी उजवा पाय जीपच्या बाहेर काढून सगळ्यांना दाखवला, पायात चप्पलसुद्धा नव्हती, आणि ओरडले, "बघा रे! पाय हितं हाय, गाडी तितं हाय!" रस्त्याच्या कडेला ऊस तोडणारे हातातले कोयते खाली ठेवून बघत होते.

त्या वर्षी नववीत त्या धड्यावरच्या उदाहरणात एकही मूल चुकलं नाही. हे मी स्वतः तपासलेलं आहे.

पण एकसमान गती रस्त्यावर शोभते, अंगणात नाही. सुनंदा नावाची मुलगी दहावीला होती. आमच्या त्या वर्षीच्या सात मुलींमधली सगळ्यांत लांबच्या वस्तीवरची आणि बीजगणितात माझी सगळ्यांत आवडती. तिचे वडील, तात्या, ऊसवाले, कारखान्याचे सभासद. उंच, अबोल माणूस. मुलींच्या घरांची वाट पाठ व्हावी म्हणून सर जीप घेऊन वस्त्या फिरत होते. मी बरोबर होते, पण वाटेच्या तोंडाशीच उतरून पुढं झाले होते. तात्यांच्या अंगणात शिरताना क्लचचा दांडा निसटला. सरांनी ब्रेक दाबला. दुसरं इंजिन अशा वेळी गचका खाऊन बंद पडतं. यानं उलट जोर लावला. सर ब्रेकवर उभे, इंजिन घुमतंय, आणि जीप हळूहळू, हट्टानं, कडब्याच्या गंजीत शिरली. पार आत गेली. मग आतून इंजिन बंद झाल्याचा आवाज आला.

तात्या ओसरीवरून उठून उभे राहिले. गंजी हलली. सर डोक्यावर कडबा घेऊन बाहेर आले आणि हात जोडून म्हणाले, "तात्या, जरा आलो हां."

सुनंदा फस्सकन हसली. मलाही आवरलं नाही. तात्या हसले नाहीत.

"सर, तुमच्याइषयी काय म्हणणं न्हाय," ते म्हणाले. "पर माझी पोरगी ह्या गाडीत बसायची न्हाय. तिची आई जनावरांना वैरण घालत हुती तितं आत्ता, इतक्यात."

हे खरं होतं. संध्याकाळपर्यंत बातमी सगळ्या वस्त्यांवर गेली आणि सातांपैकी पाच घरांतून निरोप आले, मुलगी परीक्षेला बसणार नाही. परीक्षेला बारा दिवस होते.

दुसऱ्या दिवशी सरांनी हजेरी घेतली नाही. नुसतीच नावं मांडली. असं पूर्वी कधी झालं नव्हतं, असं मुलं म्हणाली. सिस्टर मला उपकेंद्रात बोलावून म्हणाल्या, "ते रात्री जेवले नाहीत. तू गणितवाली आहेस ना, काहीतरी काढ यातून." माझ्याकडून काय निघणार होतं! मी एवढंच म्हणाले की जीप पुन्हा मिस्त्रींना दाखवू या.

म्हणून क्लचचा दांडा तारेनं बांधून आम्ही बारामतीला गेलो. आठवडी बाजार होता. मार्केट यार्डाच्या फाटकापाशी गर्दीत जीप थांबली. बंद केली तर लवकर सुरू होत नसे, म्हणून सरांनी इंजिन चालूच ठेवलं. बाजूच्या चहाच्या टपरीवरून एक म्हातारे गृहस्थ किटली हातात घेऊन आले. चहा द्यायला नाही. ते त्या पालथ्या पातेल्यासमोर येऊन उभे राहिले, मान एका बाजूला कलती करून.

"गाडी कुणाची?" त्यांनी विचारलं.

"माझी," सर म्हणाले. "का वो, आबा?"

"गाडी तुमची आसंल. इंजिन माझं हाय."

सर खाली उतरले.

"डाव्या अंगाला, पार खाली, पितळेनं झाळल्याली चीर हाय. बोटभर. बघा हाय का."

सर त्या पांढऱ्या कपड्यांनिशी बाजाराच्या धुळीत पाठीवर झोपले आणि जीपखाली गेले. थोड्या वेळानं खालून आवाज आला, "हाय!"

आबांनी किटली रस्त्यावरच ठेवली. अठरा वर्षं ते एका फिरत्या तंबू सिनेमात इंजिनवाले होते. जत्रा-जत्रांतून तंबू जायचा. इंदापूर, सुपे, अगदी नगरच्या हद्दीपर्यंत. मग घराघरांत टीव्ही आले, मालकानं तंबू मोडला, इंजिन विकलं. आबांनी टपरी टाकली. आवाज मात्र त्यांच्या कानात तसाच होता.

"आबा, ते वेग बदलत न्हाय," सर म्हणाले.

"कसा बदलंल? त्येला बदलायचा न्हाय म्हनून शिकवलंय! आत दोन वजनं फिरत्यात. इंजिन जरा मंद झालं की ती त्याल वाढवत्यात, जोरात झालं की कमी करत्यात. मशिनीतला दिवा थरथरला की पडद्यावरची मानसं थरथरायची आन् पब्लिक दगडं मारायची. एकदा सुप्यात माझं डोस्कं फुटलंय." आबांनी इंजिनावर हात ठेवला. "तुमी बिरीक दाबला, त्येला वाटलं वज्जं वाढलं, आता आपून जोर केला पायजे. ते बिचारं आपलं काम करत हुतं, सर."

सरांनी खिशातून वही काढली, टपरीसमोरच्या जमिनीवर मांडी घातली आणि म्हणाले, "सर, ही वजनं कुठल्या बाजूला असतात? चित्र काढून दाखवा."

आबांनी मागं वळून पाहिलं. सर म्हणून कुणाला हाक मारली ते त्यांना कळेना.

"तुमालाच म्हंतोय," आमचे सर म्हणाले.

आबांना घेऊन गॅरेजला गेलो तेव्हा मिस्त्री आधी चिडले. चहावाल्यानं मला इंजिन शिकवायचं का, म्हणाले. पण आबांनी झाकण उघडून आतली ती वजनं, जाड स्प्रिंग आणि तिला कायमचं आवळून ठेवणारा स्क्रू दाखवला, तेव्हा मिस्त्रींनी नुसतं "च्यायला!" म्हटलं आणि स्वतःच्या हातानं आबांना चहा आणून दिला. दोन दिवस दोघं त्यावर वाकलेले होते. जाड स्प्रिंग काढून हलकी घातली, स्क्रूच्या जागी पायडलची तार आणून जोडली. क्लचच्या दांड्याला दोन-दोन पिना मारल्या. तिसऱ्या दिवशी इंजिन पायाचं ऐकू लागलं. आधी थोडं नाखुशीनं, मग बरं.

आता तात्या. सर पहाटेच त्यांच्या वस्तीवर गेले होते. मी सिस्टरबरोबर पोचले तेव्हा पाहते तर सर कडब्याच्या पेंढ्या रचत होते. गंजी पुन्हा उभी राहत आली होती, जरा वाकडी. तात्या ओसरीवर बसून बघत होते. गंजी झाली. सर हात झटकत म्हणाले, "तात्या, गाडी नीट झाली. पर माझ्या शब्दावर नका घेऊ. तुमीच तपासा."

तात्या उठले, पायताण घातलं, आणि वस्तीकडून रस्त्याला जाणाऱ्या गाडीवाटेवर जाऊन उभे राहिले. दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये एका गाडीपुरती वाट. त्यांनी जीपकडे पाठ केली.

"मी चालतो," ते म्हणाले. "तुमी माघनं या. मी वळून बघनार न्हाय."

सिस्टरनी माझा दंड धरला. सरांच्या कपाळावर घाम आला होता, मला लांबूनही दिसला. जीप सुरू झाली. तात्या चालू लागले, शेतावर निघाल्यासारखे, सावकाश. त्यांच्या मागे दोन हातांवर जीप. ते थांबले, जीप थांबली. चालले, चालली. मध्येच भराभर पावलं टाकली, जीपनंही टाकली. एकदा ते वाटेत खाली वाकले आणि चपलेत अडकलेला काटा काढत बसले. चांगली दोन मिनिटं बसले. इंजिन मागं हलकेच गुरगुरत उभं राहिलं. सुनंदा आणि तिची आई ओसरीच्या खांबाला धरून उभ्या.

वाट संपली. रस्ता आला. तात्या समोरच बघत म्हणाले, "सर, हायसा का माघं?"

"हाय की, तात्या."

तात्या वळले. जीप त्यांच्या धोतराच्या सोग्यापासून हातभर अंतरावर होती. त्यांनी पातेल्यावर थाप मारली. "किती वाजता येनार न्यायला?"

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ही बातमी पाचही घरांत गेली.

परीक्षेचे ते दिवस मी विसरणार नाही. मागच्या बाकांवर सात मुली, मी पुढे सरांशेजारी, पातेलं उन्हात चमकतंय. साखर कारखान्याचा हंगाम चालू, त्यामुळे उसाच्या गाड्यांच्या रांगा. सर प्रत्येक गाडीवानाला डोकं काढून विनंती करत, म्हणून आम्ही पाऊण तास आधी निघायचो. पहिल्या दिवशी एका गावातून जाताना एक आजी काखेत बसायचं पोतं घेऊन घरातून लगबगीनं बाहेर आली. जीपसमोरच उभी राहिली.

"तंबू कुठं लागनार हाय?" तिनं विचारलं. "खेळ कंचा?"

सर अजिबात हसले नाहीत. "मराठीचा पहिला पेपर, आज्जी."

"बरा हाय का?"

"बघून आल्यावर सांगतो."

आणि परतताना सरांनी खरंच गाडी थांबवली, उतरून तिच्या दारात गेले आणि सांगितलं की पेपर सोपा होता, निबंध चांगला आला होता. आजीनं मुलींना एकेक मूठ फुटाणे दिले.

बीजगणिताच्या दिवशी अर्ध्या वाटेत ती हलकी स्प्रिंग ताणलेलीच अडकली आणि इंजिन जुन्या सवयीवर गेलं. काटा चाळीसवर. मुली घाबरल्या. सर म्हणाले, "घाबरायचं काय त्यात? बाई, इंदापूर इथनं किती?" मी म्हणाले, सोळा किलोमीटर. "पोरींनो, वेग चाळीस, अंतर सोळा. कधी पोचू?" मागून सात आवाज एकदम आले, "चोवीस मिनिटं!" दैवयोगानं त्या दिवशी रस्ता मोकळा होता. गावाच्या तोंडाशी सरांनी इंजिनच बंद केलं आणि जीप घरंगळत केंद्राच्या फाटकाबाहेर जाऊन थांबली. पंचवीस मिनिटं झाली होती. "एक मिनिटाचा फरक वाऱ्याचा," सर म्हणाले. पेपर संपेपर्यंत ते फाटकाबाहेर जीपखाली झोपून ती स्प्रिंग सोडवत होते.

जूनमध्ये निकाल लागला. सहा पास झाल्या. एकीचं इंग्रजी राहिलं, ते तिनं ऑक्टोबरात काढलं. त्यांतल्या दोघी पुढं बारामतीच्या कॉलेजात गेल्या आणि एक आज स्वतः मुख्याध्यापिका आहे. पण निकालापेक्षा मला शेवटच्या पेपरचा दिवस जास्त आठवतो.

त्या दिवशी सिस्टरनी रजा घेतली होती आणि तात्याही आले होते. शेवटचा दिवस आहे, मी पण बघतो तुमचं केंद्र, म्हणाले. दोन वाजता मुली बाहेर आल्या. बोटांना शाई, चेहऱ्यावर काय करावं हे न सुचल्यासारखं हसू. सरांनी जीप घराकडे न वळवता उजनीच्या पाण्याकडे घेतली. उन्हाळा लागल्यानं पाणी मागं हटलं होतं आणि मैलभर सपाट, वाळलेली, भेगाळलेली जमीन उघडी पडली होती. लांब पाण्यात रोहित पक्षी उभे होते, शेकड्यांनी. मुली तालुक्यातच वाढलेल्या, पण त्यांतल्या एकीनंही ते पाहिले नव्हते.

मग सर जीपमधून उतरले, ड्रायव्हरच्या जागेकडे हात करून म्हणाले, "चला. एकेकीनं बसायचं."

"कुठं?" मी विचारलं.

"चालवायला. हितं धडकायला काय सुदीक न्हाय. पयला गिअर, पाय वर घ्या, फक्त चाक धरा."

आधी कुणी पुढं होईना. मग सिस्टर पदर खोचून बसल्या. "माझं पातेलं आहे, पहिला मान माझा," म्हणाल्या आणि एक मोठी गोल फेरी मारून आल्या. लग्नाला बावीस वर्षं झाली होती. सर शेजारी हात मांडीवर ठेवून, परीक्षेला बसल्यासारखे बसले होते. मग मी. गणितवाली असून सरळ रेघ काही मला काढता आली नाही. त्यानंतर मात्र मुलींची रांगच लागली. एकीनं किंचाळत चालवली, एकीनं डोळे मिटून, सर ओरडले, "अगं उघड, उघड!"

सुनंदा शेवटी बसली. तात्या मागच्या बाकावर होते. उतरायला विसरले की उतरले नाहीत, कोण जाणे. टोपी दोन्ही हातांत धरून ताठ बसले होते. सुनंदानं जीप सरळ घेतली. बाकीच्या सगळ्या थोडं पुढं जाऊन वळल्या होत्या. ही वळेना. जीप लहान लहान होत चालली. पक्ष्यांची एक ओळ पाण्यावरून उठली, पंखांखालचा गुलाबी रंग उघडला आणि सगळा थवा जीपच्या डोक्यावरून वळसा घेऊन गेला.

वाऱ्यावर तात्यांचा आवाज आमच्यापर्यंत आला, "सुनंदे, वळव की आता!"

आणि तिचा, हसण्यात भिजलेला, "थांबा वो तात्या, आजून लई जागा हाय फुडं!"